मायची निळी पिशवी
(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

होस्टेलवर नवीन आलं की पहिल्या आठवड्यात तीन प्रश्न ठरलेले. कुठला? सीईटीला किती? घरी कोण कोण?

पहिल्याचं उत्तर मी छाती फुगवून द्यायचो. असोदा! जळगावपासून हाकेच्या अंतरावर. बहिणाबाईंचं माहेर आणि भरिताच्या वांग्यांचं गाव. दुसऱ्याचं उत्तर जरा पुटपुटत द्यायचो. आणि तिसऱ्याचं चक्क खोटं. "आई, वडील आणि मी."

आमच्या घरात माणसं चार. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान एक भाऊ आहे, त्याला सगळं गाव भैय्या म्हणतं. भैय्याला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या आसपास मेंदूला इजा झाली, ती भरून येत नाही आणि वाढतही नाही. पण स्नायूंना मिळणारे हुकूम चुकतात. हात हलवायचा असतो तेव्हा मान वळते, बोलायचं असतं तेव्हा जबडा आवळतो. समजतं मात्र सगळं. क्रिकेटमधलं तर माझ्यापेक्षा जास्त. त्याच्याजवळ आठ-दहा शब्द आणि तेवढ्याच खुणा. तळहात वर केला की "थांब, विचार करतो". दोनदा डोळे मिटले की "हो". जीभ बाहेर काढली की "तू मूर्ख आहेस". ही तिसरी खूण खास माझ्यासाठी राखून ठेवलेली आहे.

एवढ्या भावाला मी दोन वर्षं होस्टेलपासून लपवून ठेवलं. घरून व्हिडिओ कॉल आला की टेरेसवर पळायचो. रूम पार्टनरना वाटायचं, पोराचं काहीतरी 'प्रकरण' आहे. वाटू दिलं. भावापेक्षा ते प्रकरण सांगायला सोपं होतं, हे आता लिहिताना लाज वाटते.

पण मला सांगायचं आहे ते माझ्या लाजेबद्दल नाही, मायच्या पिशवीबद्दल.

जळगावच्या एका कापड दुकानातून मिळालेली निळी रेक्झिनची पिशवी. चेन कधीच गेली, आता तिला नाडी आहे. आत भैय्याचा जन्माचा कागद, अपंगत्वाचं प्रमाणपत्र (जुनं, त्याआधीचं जुनं आणि चालू), यूडीआयडी कार्ड, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, पासबुक, फोटो आणि प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. माय चौथी शिकलेली. पण कोणता कागद कुठे लागतो ते तिला आपल्या एक्झाम सेक्शनपेक्षा जास्त पक्कं माहीत आहे. (एक्झाम सेक्शनने राग मानू नये.)

ही पिशवी एका दिवसात भरलेली नाही. भैय्या लहान असताना बापू आणि माय त्याला घेऊन दर पंधरा दिवसांनी एसटीने धुळ्याला जायचे, व्यायाम शिकायला. अपंगाला भाड्यात ७५ टक्के सवलत असते एवढं बापूंना ठाऊक होतं. पण अपंगत्वाचे टक्के जास्त असतील तर सोबतच्या एका माणसालाही अर्धंच तिकीट लागतं, हे कोणी सांगितलंच नव्हतं. प्रमाणपत्र खिशात होतं, टक्केही पुरेसे होते, आणि तरी बापूंनी कितीतरी वर्षं स्वतःचं पूर्ण तिकीट काढलं. एक दिवस एरंडोलला उतरणारे एक कुबडीवाले गृहस्थ शेजारी बसले. त्यांनी तिकीट पाहिलं आणि विचारलं, "दादा, पूर्ण कशाले भरता?" त्यांनीच कंडक्टरशी बोलून हिशोब बसवून दिला. एरंडोल आलं, ते उतरून गेले. नाव विचारायचं राहून गेलं. माय अजून म्हणते, "तो मानूस पाच वरसं आधी भेटला असता तर भैय्याची एक गादी आली असती."

त्या दिवसापासून मायने ठरवलं की जो भेटेल त्याला विचारायचं आणि जो विचारेल त्याला सांगायचं. दवाखान्याच्या रांगेत बायका भाजीपाल्याचे भाव बोलतात तशी माय योजना बोलते. नॅशनल ट्रस्टची 'निरामय' विमा योजना तिला एका रांगेतच कळली. वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च, आणि त्यात नुसती भरती नाही तर व्यायाम-थेरपीही धरतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, हे तर ग्रामसेवक भाऊंनीच तिला समजावून सांगितलं. शेजारच्या काकांना तोंडाचा कॅन्सर निघाला (तंबाखू, दुसरं काय!), तेव्हा गल्ली रडायला जमली होती आणि माय पिशवी घेऊन गेली. टाटाला उपचाराला जाताना रुग्णाचं स्लीपरचं रेल्वे तिकीट माफ असतं, सोबतच्यालाही सवलत असते, त्यासाठी डॉक्टरांचा कोणता कागद लागतो, आणि मुंबईत फुटपाथवर झोपायचं नाही, दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, तिथे टाटाच्या पेशंटना थोडक्या पैशात राहता येतं... हे सगळं तिने काकूंना दोनदा म्हणायला लावलं. पाढे म्हणतात तसं. मुंबई मायने स्वतः एकदाही पाहिलेली नाही.

गाडगेबाबा १९५६ साली गेले. खेड्यातला माणूस दवाखान्यासाठी शहरात आला की डॉक्टरच्याही आधी त्याला पाठ टेकायला जागा लागते, हे त्यांनी ओळखलं होतं. आपण मोठमोठी हॉस्पिटलं बांधतो आणि नातेवाइकांना जिन्याखाली झोपवतो. असो.

आता कागद म्हटल्यावर सगळं गोडच होतं असं नाही. भैय्याचं प्रमाणपत्र तीनदा काढावं लागलं. एका ठिकाणी (नाव नको) अपंगांची तपासणी पहिल्या मजल्यावर होती, आणि लिफ्ट नाही! बापूंनी भैय्याला पाठीवर घेऊन जिना चढला. वर गेल्यावर कळलं की फोटो साक्षांकित नाहीत. परत खाली, परत वर. तिसऱ्यांदा डॉक्टर म्हणाले, "तात्पुरतं देतो, तीन वर्षांनी या, बघू सुधारतंय का." माय म्हणाली, "साहेब, तुमच्या लेखनीत ताकद असीन तर सुधरवून द्या, मी कागद मांगत नही." डॉक्टर हसले. पण कागद तीनच वर्षांचा मिळाला. बापूंच्या तीन दिवसांच्या मजुरीचा हिशोब त्या कागदावर कुठे लिहिलेला नसतो. २०१६ च्या नव्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ चे २१ केले, कार्ड ऑनलाइन झालं, हे चांगलंच झालं. जिना मात्र तिथेच आहे.

आता गावाबद्दल. "खेड्यात सगळे एकमेकांना मदत करतात" असं आपण निबंधात लिहितो ना, ते अर्धं खरं आहे. भैय्या झाला तेव्हा सगळे आले. कोणी अंगारा, कोणी तेल, कोणी "मागच्या जन्माचं" काहीतरी घेऊन. दोन महिन्यांनी येणं थांबलं. यात गावाचा दोष नाही, लोकांनाही शेतं आहेत. कपाशीची वेचणी आली आणि माय अडकली. वेचणीला न जाऊन चालत नाही आणि भैय्याला एकटं सोडून चालत नाही.

तेव्हा मायने जे केलं ते मला फार नंतर कळलं. तिने मदत मागितलीच नाही. तिच्याकडे लग्नातलं शिलाई मशीन होतं. गल्लीतल्या चार घरी जाऊन तिने सांगितलं की वर्षाची ब्लाउजं, पोरांचे फ्रॉक, फॉल-पिको सगळं मी करून देते, तुम्ही एकेका वाराला दुपारी भैय्याजवळ बसा. सोमवार आत्याबाईंचा, मंगळवार किराणावाल्या काकूंचा... अशी पाळी लागली. शेतीत एकमेकांच्या कामाला जाऊन फेड करायची पद्धत असते ना, पुस्तकात तिला सावड म्हणतात, तसंच हे. मी एकदा विचारलं, "त्या फुकट बसल्या असत्या की, तू कशाला डोळे फोडले रात्री?" तर म्हणे, "फुकटचं मानूस दोन महिने येते. आन् तिसऱ्या महिन्यात आपुनच त्याच्या दारात जायाले लाजतो."

ती पाळी बारा वर्षं चालली. दोघीजणी वारल्या, त्यांच्या सुनांनी वार चालू ठेवला. मायचं मशीन मध्ये बिघडलं तर त्या चौघींनीच वर्गणी काढून दुरुस्त केलं. (नाहीतर ब्लाउजं कोण शिवणार!) मंगळवारच्या काकूंनी तर भैय्याला चक्क हिशोब शिकवला. त्या बेरीज मोठ्याने करायच्या आणि मुद्दाम चुकायच्या. भैय्या जीभ बाहेर काढायचा.

इथे मला बहिणाबाई आठवतात. १८८० साली आमच्या गावात जन्मल्या, लहान वयात जळगावला सासरी गेल्या, तरुणपणीच विधवा झाल्या. अक्षरओळख नव्हती. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या एकाने लिहून घेतलेल्या कविता त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये पुस्तक होऊन आल्या. हे आम्हाला शाळेत पाठ. जयंतीला फोटोला हार, भाषण, गोळ्या-बिस्किटं. पण त्यांच्या दुसऱ्या मुलाला, ओंकारला, प्लेगच्या आजाराने कायमचं अपंगत्व आलं होतं, हे मला कोणत्याही भाषणात ऐकायला मिळालं नाही. बारावीनंतर एका पुस्तकात वाचलं आणि धावत जाऊन मायला सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल, केवढी मोठी बाई आणि तिलाही हेच. माय क्षणभर थांबली आणि विचारलं,

"मंग ती शेतात गेल्यावर त्याच्याजोळ कोन बसे?"

या प्रश्नाचं उत्तर त्या पुस्तकात नव्हतं. कवितांवर इतकं लिहिलं गेलं आणि हे एवढं कोणी विचारलं नाही. मायने मात्र पहिलं तेच विचारलं.

आता होस्टेल. गेल्या वर्षी, चौथ्या सेमिस्टरला, मेसमधले काका पोळ्या वाढताना दुसऱ्या काकांना सांगत होते, नातू झाला, पण दोन्ही पाऊलं आत वळलेली आहेत. कोणीतरी सांगितलंय की मोठा झाला की ऑपरेशन करू. मी ताट धरून उभा. मला माहीत होतं! आमच्याच गल्लीत एका पोराला तसं झालं होतं आणि त्याचा कागद मायच्या पिशवीत होता. पोन्सेटी पद्धत म्हणतात. मोठं होईपर्यंत थांबायचंच नसतं. बाळ काही दिवसांचं असतानाच दर आठवड्याला हलक्या हाताने पाऊल थोडं थोडं वळवून प्लास्टर बदलत जायचं, साधारण पाच-सहा प्लास्टरं, मग बहुतेकांना टाचेच्या शिरेला एक बारीक छेद. बाळाची हाडं-कुर्च्या मऊ असतात तोवर हे सोपं. म्हणजे काय, मटेरियल नरम आहे तोवर फोर्ज करा, हे तर आपण पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये शिकलोय.

आणि मी गप्प बसलो. कारण "तुला कसं माहीत?" हा पुढचा प्रश्न होता. त्याच्या उत्तरात माय आली असती, पिशवी आली असती आणि पिशवीमागे भैय्या.

बावीस दिवस. रोज दोन वेळा त्या काकांच्या हातून पोळी घेत होतो. बाविसाव्या दिवशी रात्री मायला फोन करून सांगितलं. वाटलं होतं शिव्या देईल. ती एवढंच म्हणाली, "पोरगं किती दिसाचं झालं?" मी म्हटलं, दोन महिन्यांचं असेल. "मंग फोन काऊन ठेवला नही अजून? जाय न."

मेस बंद झाली होती. काका भांड्यांच्या हौदापाशी होते. मी सगळं एका दमात सांगितलं, भैय्यासकट. काकांनी हात पुसले आणि पहिला प्रश्न पायांचा नाहीच विचारला. म्हणाले, "भाऊ जेवतो का हाताने?" दोन वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. विचारणार कसे, मी कोणाला विचारू दिलं नव्हतं.

नातवाला सरकारी दवाखान्यात सहा प्लास्टरं लागली. त्यानंतरचं काम खरं अवघड. दोन छोटे बूट मधल्या दांडीने जोडलेले, पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, आणि पुढे चार-पाच वर्षं रोज झोपताना. पाय सरळ दिसायला लागले की घरचे बूट सोडतात आणि पाऊल पुन्हा वळतं. काकांची सून सोडायच्याच बेतात होती, बाळ रात्रभर रडतं म्हणून. मायने तिच्याशी फोनवर अर्धा तास बोलून घेतलं. काय बोलली माहीत नाही. दोघी आता दर रविवारी बोलतात आणि माझा नंबर मध्ये लागत नाही.

मग एकेक उघडायला लागलं. माझ्याच रूममधल्या, रोज रात्री पत्ते पिसणाऱ्या भिडूच्या वडिलांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालतं, हे मला दोन वर्षांनी कळलं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं हे त्याच्या घरी माहीत होतं. पण धर्मादाय न्यासाच्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने ठेवाव्या लागतात, हे नव्हतं. प्रयोगशाळेतले एक सहायक येऊन बसले, त्यांच्या मुलीला ऐकू येत नाही. तिसऱ्या मजल्यावरचा एक ज्युनिअर नुसताच आला, बराच वेळ बसला आणि काहीच न सांगता गेला. तो परत येईल. मी दोन वर्षं तसाच होतो.

माझ्याकडे आता खोलीत एक फाइल आहे. पिशवी म्हणायची अजून तिची लायकी नाही.

गॅदरिंगच्या वेळी काही मित्रांनी उत्साहाने सुचवलं की भैय्याला स्टेजवर बोलावू, निधीचा चेक देऊ, फोटो काढू. मी नाही म्हटलं, थोडं तोडूनच म्हटलं, त्याबद्दल माफी. पण तेवढ्याच उत्साहात आधी लायब्ररीचा रॅम्प बघा. उताराचं प्रमाण १ ला १२ हवं. आम्ही टेपने मोजलं, १ ला ६ भरलं, आणि वर जिथे खुर्ची वळायला हवी तिथे शोभेच्या झाडाची कुंडी आहे. निदान कुंडी तरी हलवू शकतो. (ता. क. - अंक छापायला जाईपर्यंत कुंडी हललेली आहे. रेक्टर सरांचे आभार.)

इंजिनिअर म्हणून माझी स्वतःची फजितीही सांगून टाकतो. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी भैय्यासाठी कॅडवर खुर्ची डिझाइन केली. थ्रीडी व्ह्यू, बिल ऑफ मटेरियल, सगळं. प्रिंट घेऊन गावातल्या वेल्डिंगवाल्या दादांकडे गेलो. त्यांनी कागद उलटा-सुलटा पाहिला आणि म्हणाले, "पोरा, तुह्या भावाची मान डावीकडे जाते, तू आधार उजवीकडे दिला." मी भावासोबत इतकी वर्षं राहिलो आणि मॉडेल इंटरनेटवरच्या कुठल्यातरी मुलाचं बनवलं! १९६८ साली जयपूर फूट झाला तेव्हा डॉ. सेठींच्या जोडीला रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते, हे मी त्या दिवसानंतर वाचलं. दादांची खुर्ची अजून टिकून आहे. माझी प्रिंट तिच्या पायाखाली पॅकिंगला आहे.

आता पिशवीतला सगळ्यात नवा कागद. भैय्या यंदा अठरा वर्षांचा झाला. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात सेरेब्रल पाल्सी येते. अठरा पूर्ण झाले की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. गरज असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. मायने अर्ज आणून ठेवला. बापूंना आता पाठीवर घेऊन जिना चढवत नाही. मायने पालकाच्या नावाची जागा कोरी सोडली आहे.

ती काही म्हणाली नाही. मीच समजलो. कॅम्पसला आलेल्या दोन कंपन्या चेन्नईच्या आहेत. वेचणीच्या पाळीतल्या चौघींपैकी दोघी उरल्यात. रात्री झोप लागली नाही आणि सकाळी मी फोन करून म्हटलं, "माय, माझं नाव लिही." मला वाटलं, ती रडेल वगैरे.

"त्याले इचारलं का तू?" ती म्हणाली.

मी गप्प. अठरा वर्षांत हे मला सुचलं नव्हतं.

तिने फोन भैय्यासमोर धरला. या वेळी मी टेरेसवर गेलो नाही, खोलीत सगळे असतानाच बोललो. त्याला अर्ज म्हणजे काय ते सांगितलं, चेन्नईचं सांगितलं, सहीचा अर्थ सांगितला. मग विचारलं, "मी चालीन का रे भो तुले?"

तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग मान डावीकडे गेली, हात उचलायला लागला, दोनदा खाली पडला आणि शेवटी तळहात वर आला.

थांब, विचार करतो.

याला आज नऊ दिवस झाले. शनिवारी रात्रीच्या गाडीने घरी जातोय. रूममधले दोघे सोबत येणार म्हणतात. त्यांना भरीत आणि कळण्याची भाकरी खायची आहे, असं त्यांचं म्हणणं. मायने सांगितलंय, येताना अर्जाच्या तीन झेरॉक्स काढून आणजो.